खालच्या वस्तीचं वार्धक्य

मृत्यूनोंदणीच्या कचेरीत तात्यांची तीस वर्षं गेली. माणूस मऊ, समोर कुणी डोळ्यांतून टिपं गाळली की यांचा नियम विरघळलाच. घरी मेलेल्याच्या नावापुढे 'हृदयविकार' लिहायचं तर मोठ्या डॉक्टरांचा दाखला लागे, आणि त्यापायी प्रेत दिवसभर अडकून पडे. 'वार्धक्य' लिहिलं की अर्ध्या तासात मोकळं. खालच्या वस्तीतली माणसं हात जोडत आणि तात्या लिहून देत. पोलादाच्या भट्टीवर राबणाऱ्या पन्नाशीतल्या कामगारालासुद्धा त्यांनी म्हातारा करून टाकलं होतं! वरच्या वस्तीतले लोक मात्र दवाखान्यातच मरत, दाखल्यासकट.

वर्षाखेरीस या नोंदींवरून मृत्यूच्या कारणांचे तक्ते निघत. वर हृदयरोग फार, खाली जवळजवळ नाहीच. खाली भट्टीची धग होती, तंबाखू होती, पाळ्यांनी उडवलेली झोप होती. रक्तदाब मोजायला मात्र कुणी फिरकत नसे. हृदयरोगाचा विभाग अर्थातच वर निघाला.

एका दुपारी वहिनीचा फोन आला. "भावजी, लवकर या! यांच्या छातीत कळ येतेय, घामानं निथळतायत."

तात्या धावत सुटले. थोरला भाऊ भट्टीवरचाच, छप्पन्न वर्षांचा. त्याला दोघांनी धरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी एक गोळी चघळायला दिली.

"ईसीजी काढा ना!" तात्या ओरडले.

"यंत्र वर आहे, तात्या. इथे लागत नाही म्हणून दिलंच नाही."

ते 'लागत नाही' कुणाच्या नोंदींवरून ठरलं, हे तात्यांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाडी मिळाली. वरपर्यंत पाऊण तासाचा रस्ता, त्यात पुढे दगडांचा ट्रक. चालक भोंगा वाजवून थकला. दादाचा हात गार पडत चालला होता.

"काही झालंच तर नेहमीचंच लिही रे," तो पुटपुटला. "हिला ताटकळत ठेवू नकोस."

"गप्प बस, दादा!" तात्यांना त्याचा संताप आला, आणि स्वतःची लाज वाटली.

शेवटच्या चढावर दादा गेला.

वरच्या दवाखान्याच्या दारात सांगितलं, की वाटेतच गेलेत, तपासणी होईल, उद्यापर्यंत थांबावं लागेल. वहिनीनं हात जोडले.

"भावजी, तुमच्या हातात आहे. लिहून टाका ना, घरी नेऊ यांना."

तात्यांना रडू फुटलं. पण त्यांनी मान हलवली. "नाही वहिनी. दादा छप्पन्नचा होता."

वहिनी बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. हृदयविकाराचा दाखला हातात येईपर्यंत ती त्यांच्या बाजूला आली नाही.