साहेब येणार म्हणून उपसलेली बाव

माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबत नाही, असं आमच्या वाडीत म्हणतात. त्याच गुणावर मला पाणी समितीची अध्यक्ष केलं. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. सरकारचा नवा नियम आला होता, की योजना हवी तर गावाने मागायची, समितीही गावानेच करायची आणि अध्यक्ष बाई हवी. ग्रामसभेत सगळे बाप्ये एकदम माझ्याकडे बघायला लागले. मी बालवाडी चालवायचे, अर्ज लिहायचे आणि भांडायला कोणाच्या बापाला भीत नव्हते. झालं, बसवली खुर्चीवर.

आमची वाडी मालवणाजवळ, खाडीच्या तोंडाशी. अख्ख्या वाडीला गोड्या पाण्याची एकच बाव, म्हणजे विहीर. घरं उतारावर, बाव खाली माडांत. मे महिन्यात पाणी तळाला जायचं आणि पहाटेपासून कळश्यांची रांग लागायची, त्यात रोजची भांडणं. योजना अशी होती की बावीवर पंप बसवायचा, वर टाकी बांधायची आणि घरोघर नळ द्यायचे. शेजारीण आणि मी मिळून घराघरांतून सह्या गोळा केल्या. ओरसच्या जिल्हा कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाईसुद्धा मला बघितल्यावर पंखा लावायचा.

एवढं होऊन शेवटी राहिली होती साहेबांची भेट. साहेब म्हणजे पाणीपुरवठ्याचे अभियंता. ते मे महिन्यातच यायचे, कारण मेमध्ये जे टिकतं तेच खरं पाणी. ते बाव बघणार, नमुन्याची बाटली भरून नेणार, नमुना पास झाला की निधी. नापास झाला तर त्या वर्षापुरती फाइल बंद, आणि आमच्या जागी दुसरं गाव. हे कळल्यापासून मला चैन पडेना. बालवाडीत पोरांना शिकवता शिकवता मधेच उठून बावीत डोकावून यायचे.

आमच्याकडे लग्नकार्य असलं की आधी बाव उपसतात. पाव्हण्यांना पालापाचोळ्याचं पाणी द्यायचं नाही, ही रीतच. आठ-दहा जण राजू, म्हणजे दोर, लावून हाताने पाणी काढतात, कमरेइतकं पाणी राहिलं की थांबतात. साहेब म्हणजे लग्नातल्या पाव्हण्याहून मोठा पाव्हणा, तेव्हा बाव उपसायला हवी हे कोणी सांगायचीही गरज नव्हती. पण बाप्ये होते समुद्रावर, आणि साहेब उद्यावर आलेले. मग मीच डोकं चालवलं. आंबेवाल्या बागायतदाराचं डिझेल इंजिन मागून आणलं.

सासू म्हणाली, "हातान उपसा गो. इंजनान नको. बाव दमता."

"आई, तुमका काय कळता ह्यातला?" मी फटकन बोलले. अजून ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

दोन तासांत तळ दिसला. आम्ही बायकांनी आत उतरून शेवाळ घासलं, फुटकी मडकी काढली, काठाला चुना लावला. बाव कशी नव्या नवरीसारखी दिसायला लागली. आम्ही इतक्या खूश होतो की इंजिनावर बसून चहा प्यायलो.

सकाळी सासू पहिली कळशी घेऊन आली. तोंडात घोट घेतला आणि अंगणात थुंकली.

"खारा झाला गो."

मी स्वतः पिऊन बघितलं. खारट, अगदी जिभेला लागण्याइतकं. गोडं पाणी एका दमात ओढून काढल्यावर खाडीने खालून हात घातला होता. जीप अकराला येणार होती.

शेजारीण धावत आली. म्हणाली, "वरच्या वाडयेतला पाणी आणून ओतूया बावीत." आज हसू येतं, पण त्या घडीला मलाही ते पटलं. तिची सून पोटुशी, तिला तेवढी घरी ठेवली. बाकी आम्ही सगळ्या वरच्या वाडीच्या विहिरीवरून हंडे डोक्यावर घेऊन धावत खाली येत होतो आणि आमच्याच बावीत ओतत होतो. जन्मभर जिच्यातून पाणी काढलं तिला पाणी पाजत होतो! दर खेपेला मी चव बघायची, आणि दर खेपेला खारंच. शेवटी एक बाटली वरच्या पाण्याने भरून मी पिशवीत ठेवली. वेळ आली तर बाटल्या बदलायच्या, असं मनाशी ठरवलं.

साहेब आले. चुना बघितला, पाण्याची पातळी मोजली. मग काठावरच्या दगडावरचा तेलाचा डाग बघून माझ्याकडे वळले.

"बाई, काल इथे इंजिन लावलं होतं का?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण बाहेर आलं ते खरंच. तुम्ही येणार म्हणून उपसली, आणि आता खारी झाली, मी सांगून टाकलं. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. रागावले नाहीत. बाकीच्या बायकांपासून मला जरा बाजूला बोलावलं.

"किती तास चाललं इंजिन?"

"दोन."

"योजनेचा पंप रोज चार तास चालेल," ते म्हणाले. "मी आज नमुना नेत नाही. पंधरा दिवसांनी येतो. तोवर बाव गोडी होईल, नमुना पास होईल, निधीही मिळेल. पण पुढे काय होईल ते तुम्ही आज सकाळीच बघितलंत. की उद्भव, म्हणजे पाणी घ्यायची जागा, बदलून मागता? वरच्या बाजूला जागा शोधावी लागेल. मग या वर्षीच्या यादीतून नाव जाईल. तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हीच सांगा."

"पुढच्या वर्षी नक्की मिळेल?"

"नक्की काही सांगता येत नाही."

मी बावीकडे बघितलं. नळ आले असते, टाकी उभी राहिली असती, आणि असलेली एकुलती एक बाव आमच्याच हाताने मेली असती. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर मी लिहून दिलं, उद्भव बदलावा. खाली सही केली.

जीप गेली तशा सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या. शेजारणीने हात धरला. "सायब काय बोललो गो? झाली मंजूर?"

"नाय," मी म्हटलं. "मीच नको म्हटलंय."

कारण सांगायला लागले, पण कोणी ऐकून घेईना. शेजारणीने माझा हात सोडला.

"माझ्या सुनेचे दिवस भरत इले. तिका आता तूच पाणी आणून घाल."

घातलं. पाऊस लागेपर्यंत रोज दोन कळश्या, वरच्या वाडीवरून, तिच्या पडवीत नेऊन ठेवल्या. रिकामी कळशी ती दाराबाहेर ठेवायची आणि दार लावून घ्यायची.