शेवटच्या गावाची नोंद

रंगनाथकाकांनी अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं तयार माल तपासला. खोट दिसली की लाल खडूनं फुली, मग माल साहेबांच्या मर्जीतला का असेना. निवृत्त झाल्यावर लोक देवळात बसतात, नातवंडं खेळवतात. यांनी तालुक्याचा कोश करायला घेतला. गावं, जत्रा, बारवा, लग्नातली गाणी, सगळं एका ग्रंथात. अक्षरजुळणी माझ्याकडे, म्हणजे अकरा वर्षं डोक्याला ताप माझ्याकडे.

काकांचा नियम एकच. ज्या गावाची नोंद, ती त्या गावात पारावर बसून मोठ्यानं वाचायची. कुणी हरकत घेतली की लाल फुली. गाव गप्प राहिलं की पास. एका जत्रेच्या नोंदीसाठी आम्ही तीनदा फुफाटा खाल्ला आहे, आणि तिन्ही वेळा फुलीच घेऊन परतलो.

मागच्या वर्षी ग्रंथ छापायला जायच्या आधी मी यादी ताडून पाहिली. विंचूरच्या पुढचं एक गाव वाचायचं राहिलं होतं. ते काकांचं स्वतःचं गाव.

"माझ्या गावाचं मला कोण सांगणार?" काका म्हणाले.

"मग बाकीच्या गावांना कशाला छळलंत?" मी विचारलं. माझी जीभ तशी तिखटच आहे. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चल."

त्या नोंदीतल्या पहिल्या ओळीवर त्यांचा फार जीव होता. 'बहात्तरच्या दुष्काळात गावाला पाणी देणारी विहीर लेखकाच्या वडिलांनी खोदली.' अख्ख्या ग्रंथात वडिलांचा उल्लेख तेवढा एकदाच होता.

पारावर पंधरा-वीस माणसं जमली. काकांनी ती ओळ जरा सावकाशच वाचली. कडेला बसलेल्या कुसाबाई म्हणाल्या, "ते नाय बरोबर." त्या ऐंशीच्या घरातल्या, मूलबाळ नाही, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या.

"काय चुकलं, मावशी?"

"जागा तुमच्या वडलांची, खरंय. खोदली आमच्या मालकानं. सहा महिने. मी वर माती वढायची. तुमचे वडील वर छत्री घेऊन उभे राहायचे."

कुणीतरी हसलं. आमच्याकडे ज्याची जमीन, त्यानंच विहीर खोदली असं म्हणायची पद्धत आहे, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. मलाही अकरा वर्षांत खटकलं नव्हतं, याची मला तिथं लाज वाटली. दुष्काळात काका मनमाडला मामाकडे शिकायला होते. विहीर त्यांनी फक्त वडिलांच्या तोंडून ऐकली होती.

 काकांनी हरकत धुडकावली असती तर गावातलं कुणी काही बोललं नसतं, कुसाबाईही नाही. पण त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि वडिलांच्या ओळीवर फुली मारली.

"मावशी, मालकांचं नाव?"

कुसाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव त्या कशा घेणार? त्यांच्या शेजारच्या घरातली वैष्णवी पटकन म्हणाली, "काका, मी सांगते ना, आजोबांचं नाव..."

"थांब गं," कुसाबाईंनी तिला अडवलं. "मालक गेले तवापासून मला कुणी नाव घ्यायला बोलावलं नाय. लग्नात नाय, बारशात नाय. विधवेला कोण बोलावतं? आज या भाऊंनी इचारलंय. माझं मीच घेते."

पदर सारखा करून त्या ताठ बसल्या.

"बारा हातांवर लागलं पाणी, त्यात दिसलं आभाळ,
पुंजारावांचं नाव घेते, वहीत नीट सांभाळ."

पारावर कुणी हरकत घेतली नाही. काकांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला. वडिलांसाठी खाली एक ओळ उरली, 'जागा दिली.'

परतताना गाडीत मी हळूच आठवण करून दिली, की गावांच्या नोंदीत आपण गाणी-उखाणे घेत नाही, तो तुमचाच नियम आहे.

काका खिडकीबाहेर पाहत होते. "या नोंदीत घे," ते म्हणाले. "ती सही आहे मावशींची."