'ने' म्हणजे हो

माझ्या मामांचं केस कापायचं दुकान बंदराच्या फाटकासमोर आहे. बोटीवरून उतरलेला माणूस आधी जमिनीला पाय लावतो आणि लगेच मामांच्या खुर्चीत येऊन बसतो. भाच्याला कटिंग फुकट, म्हणून माझा नंबर कायम शेवटचा. त्यामुळे मामांचे सगळे पराक्रम मी बाकावर बसून पाहिलेत.

मामांचं म्हणणं असं, की धंद्याला परक्या भाषेतला एकच शब्द लागतो, 'हो'. आणि नेमका त्याच शब्दाचा जगाने घोळ घालून ठेवलाय. एका जपानी गिऱ्हाइकाला विचारलं, "पाणी ठीक आहे?" तर तो म्हणाला, "हाय!" भाजलं वाटून मामा गार पाण्याची बादली घेऊन धावले. त्याच्या भाषेत 'हाय' म्हणजे हो. पोलंडचा खलाशी 'ताक' म्हणायचा, तेही होच. मामांना ऐकू यायचं 'टाक'. "पावडर?" "ताक." "अजून?" "ताक." बिचारा पांढराफटक होऊन बाहेर पडला. जर्मन तेवढे बरे. मामा म्हणणार "या", तेही होकार म्हणून म्हणणार "या", आणि दोघं दारातच एकमेकांचं स्वागत करत उभे.

आता ताई. मामांची एकुलती एक लेक. मामी गेल्यापासून घरात ही दोघंच. ताई बंदराच्या ऑफिसात कामाला, आणि तिथेच तिला ग्रीक बोटीवरचा एक इंजिनियर भेटला. मिशी अशी, की माणसाच्या आधी तीच दारात यावी. लग्न करून तो तिला आपल्या देशात नेणार, हे ऐकल्यापासून मामांचं जेवणात लक्ष नव्हतं.

"मुलगा वाईट नाही रे," ते मला म्हणाले, "पण ती गेल्यावर मी भांडू कोणाशी?"

"माझ्याशी भांडा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट पेपर उघडला.

मागणी घालायला तो दुकानातच आला. मामांनी त्याला तोंड उघडू दिलं नाही. खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांवर गरम टॉवेल टाकला. ताईने त्याला थोडं मराठी शिकवलं होतं. मामांनी त्याच्या मिशीवर बोट ठेवून विचारलं, "मिशी ठेवू ना?"

घाबरला की माणूस आपल्याच भाषेवर येतो. तो म्हणाला, "ने!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ने म्हणतोय तर नेऊ. अर्धी मिशी गेली. त्याने ओठ चाचपला आणि ओरडला, "ओही! ओही!"

"बघ, ओहो ओहो करतोय," मामा खूश झाले आणि राहिलेली अर्धीही नेली.

तेवढ्यात ताई आली आणि किंचाळलीच. "बाबा! त्यांच्यात 'ने' म्हणजे हो! आणि 'ओही' म्हणजे नाही!"

मामा बाकावर माझ्या शेजारी धपकन बसले. "अगं, मग असल्या घरात तुझं कसं व्हायचं?"

तो ओठावर रुमाल धरून निघून गेला. ताईने मामांशी अबोला धरला. खरं तर मामांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण लेकीचं तोंड बघून त्यांना घास गोड लागेना.

पुढच्या आठवड्यात तो परत आला. ओठावर नुसते खुंट. त्याच खुर्चीत बसला, टॉवेल हाताने बाजूला सारला आणि आरशातून मामांकडे बघत पाठ केलेलं वाक्य म्हणाला, "बाबा, तुमची मुलगी... मी नेऊ?"

मामा धुतलेला ब्रश पुन्हा धूत राहिले. ताई दारात उभी होती. मग त्यांनी नळ बंद केला.

"ने," ते म्हणाले.

तो टुणकन उठून त्यांच्या गळ्यातच पडला. त्याला ते त्याच्या भाषेत कळलं होतं. ताईला आपल्या भाषेत कळलं आणि तिला रडूच फुटलं. मामांनी टॉवेलने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग खुर्ची पुसली आणि माझ्याकडे वळले.

"ये, बस. आता भांडायला तूच."