कळंबला अर्धवट राहिलेलं रडणं

गंगे, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू आता आहेस की नाही हेही मला ठाऊक नाही. तरी लिहिते. तुझ्याबद्दल लोकांना सांगायचं तर आधी तुझ्याशी बोललं पाहिजे. पाठीमागे बोलणं मला जमत नाही.

एकसष्ट साली बी.ए. होऊन मी हिवतापाच्या प्रचाराला लागले. सरकारी गाडी, त्यात पडदा, यंत्र आणि डासांचे सिनेमे. गाडी चालवायचा तुझा नवरा देवसिंग. आणि मागे, रिळांच्या पेट्यांआड, तुमचा संसार: स्टोव्ह, गोधडी, ज्वारीच्या पिठाचा डबा, खिळ्याला टांगलेला आरसा. ड्रायव्हरने बायको गाडीत ठेवायची नाही, असा नियम होता. पहिल्याच दिवशी मी देवसिंगला हटकलं.

"मले घर नाही, बाई," तो म्हणाला. "अन् हिले पोर शोधायची हाय."

तुझा पहिला नवरा वारला, तू देवसिंगबरोबर निघालीस, तेव्हा सासरच्यांनी चार वर्षांची जमनी ठेवून घेतली. पुढे ती माणसं तांडा सोडून जंगलकटाईच्या कामावर गेली. कुठे, ते कुणी सांगेना. म्हणून तू गाडीत होतीस. गाव सिनेमा बघायचं आणि तू पडद्याशेजारी उभी राहून गावाची तोंडं बघायचीस. जमनीसाठी एक आरशांची चोळी शिवली होतीस. दर वर्षी ती उसवायचीस आणि वाढवायचीस. त्या वर्षी ती दहा वर्षांच्या मुलीच्या मापाची होती.

मी वर कळवलं नाही. पण मनात आलं तर तक्रार करू शकते, हे तू कधी विसरली नाहीस. मीही विसरू दिलं नाही.

बाभुळगावात यंत्राचा दिवा फुटला. नवा दिवा यवतमाळहून संध्याकाळी कळंबला येणार होता. अख्खा रविवार मोकळा.

"चला, आज हिंडू," देवसिंग म्हणाला. "रोज लोकाइले डास दाखवतो, आज हिले कळंबचं देऊळ दाखवतो."

"पेट्रोल सरकारचं आहे," मी म्हटलं.

"कळंबले तर जायचंच हाय ना, बाई? सकाळी गेलो काय अन् संध्याकाळी गेलो काय!"

मागून तू म्हणालीस, "बाईले राहू द्या इथंच. डासाईले सोबत होईल."

मी हसले आणि गाडीत चढले. त्या दिवशी तू पहिल्यांदा पुढच्या बाकावर बसलीस. हातभर बांगड्या खिडकीबाहेर काढून कापूस वेचणाऱ्या बायांना हात करत होतीस. देऊळ जमिनीच्या पोटात, पायऱ्या उतरताना म्हणालीस, "देव बी माह्यावानीच लपून राह्यते." वर आल्यावर आपण भजी खाल्ली. देवसिंग गाडीत पाणी भरायला गेला. तेवढ्यात फुलांच्या दुकानापाशी तुझ्या जुन्या तांड्यातली एक म्हातारी थबकली. तुझ्यासारखाच पेहराव. "केसली याडी!" अशी, आईला मारावी तशी हाक मारून तू तिच्या गळ्यात पडलीस, आणि दोघी रडायला लागलात.

साधं रडणं नव्हतं ते. सूर धरून, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून, लांबलचक. तुमच्या बोलीतलं मला काही कळेना. एकच शब्द कळला, तोही म्हातारीच्या तोंडून: जमनी.

मला वाटलं, पोर गेली. लोक जमले होते. मी पुढे झाले, तुला दंडाला धरून सोडवलं. "चल, आधी गाडीत बस."

"बाई, थांबा... रडनं झालं नाही अजून."

"रडायचं ते गाडीत रड," मी म्हटलं आणि ओढलंच. तू आलीस. सरकारी बाईचा हात झटकायची तुझी हिंमत नव्हती, आणि ते मला माहीत होतं.

देवसिंगने आपल्याला पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली. "हिले काहून आणलं?"

"वाईट बातमी आहे. म्हातारी जमनीचं नाव घेऊन रडत होती."

"अहो बाई, आमच्यात बाया भेटल्या का पह्यले रडतेतच! मेल्याचं रडते, जित्याचं रडते, सारं रडून घेते. बातमी मंग सांगते. काय सांगितलं तिनं?"

"काहीच नाही," तू म्हणालीस. "बाईनं रडू कुठं देल्लं?"

आपण तिघं धावलो. म्हातारी नव्हती. फुलवाला म्हणाला, तिच्या लोकांचे छकडे ढाणकीकडे जाणार होते म्हणे. त्या रस्त्याला देवसिंगने गाडी दामटली. छकडे दिसले नाहीत, आणि दिव्याच्या वेळेला परत फिरावं लागलं. संध्याकाळी कळंबला सिनेमा झाला. तू पडद्यापाशी आली नाहीस. गाडीत बसून राहिलीस.

चार महिन्यांनी माझी बदली उमरखेडला झाली. निघताना तू चोळी माझ्या हातात दिलीस. "ढाणकीच्या बाजारात केसलीले विचारजा, बाई. पोरगी असंल तर हे देजा. नसंल तर तसं कळवजा."

"पहिल्याच बाजाराला जाते," मी म्हटलं.

उमरखेडला मी दोन वर्षं होते. ढाणकी तिथून मोटारीने जवळ. दर आठवड्याला बाजार भरायचा आणि दर आठवड्याला मला काम निघायचं. खरं सांगते, काम नव्हतं. म्हातारी काय सांगेल, याची मला भीती होती. देवसिंगची दोन पत्रं आली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. उत्तर मी दिलं नाही.

चोळी माझ्याकडेच आहे, गंगे. दहा वर्षांच्या मुलीच्या मापाची. ढाणकीला मी गेले नाही.