सारवलेला कोबा

खोलीत आलेल्या बाईला मावशी लगेच निजू द्यायच्या नाहीत. स्वतः उकिडव्या बसायच्या, जमिनीवरून तळहात फिरवायच्या, एखादा खडा लागला तर दाराबाहेर टाकायच्या आणि म्हणायच्या, "आदी हात फिरवायचा, मग पाठ टेकायची."

मावशी सुईण. भोरात त्यांच्या घराची पुढची खोली बाळंतिणींची होती. दिवस भरत आले की डोंगरातल्या पासली गावाकडच्या बायका डोलीतून नाहीतर बैलगाडीतून तिथं यायच्या. खोलीत घोटून गुळगुळीत केलेला कोबा होता. धुता येणारी ती जमीन पाहूनच सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी मावशींना तिथं बाळंतपणं करायची परवानगी दिली होती. मावशींना त्या कोब्याचा भारी अभिमान.

त्या घराचा विमा मीच त्यांच्या गळ्यात मारला होता. मी तेव्हा एका विमा एजंटाकडे कारकून होतो आणि गिऱ्हाईक आणा म्हणून मालक मानगुटीवर बसले होते. "आग लागू दे, काही पडून फुटू दे, कंपनी भरून देईल," असं मी तोंड भरून सांगितलं. मावशी म्हणाल्या, "तुमी म्हंता तर घ्या अंगठा."

फुटलं ते आनंदाच्या भरात. पहिली लेक झालेला एक बाप मावशींना द्यायला नवा कोरा दगडी पाटा खांद्यावर घेऊन आला आणि तसाच वाकून पाया पडायला गेला. पाटा सटकला. हातभर कोबा फुटला, तडा भिंतीपर्यंत गेला. बाप रडकुंडीला आला, तर मावशीच त्याची समजूत घालत होत्या, "पायावं न्हाई पडला, लई झालं."

मी जाऊन पाहिलं, फॉर्म भरला. डॉक्टरांनी बजावलं होतं की महिन्याभरात जमीन नीट करा, नाहीतर खोली बंद. मावशींना मिळायचं काय, तर पायलीभर तांदूळ नि नारळ. त्यातून नवा कोबा व्हायचा नव्हता. "कंपनी देणार आहे ना," मी म्हणालो, आणि त्या शब्दावर त्या निर्धास्त झाल्या. फॉर्मच्या मागे इंग्रजीत छापलं होतं की पाहणी होईपर्यंत फुटक्या जागेला हात लावू नये. ते वाचून सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. घाई होती, दुसरं काय?

पुण्याहून पाहणीला कंपनीचे साहेब आले. मी त्यांना घेऊन गेलो आणि दारातच थबकलो. मावशींनी खळगा मातीनं बुजवला होता, सगळी जमीन शेणानं सारवली होती, वर रांगोळी काढली होती.

"फुटलंय कुठं?" साहेबांनी विचारलं.

"हितंच की. पाव्हणं येनार म्हटल्यावर फुटकं घर दावायचं व्हय?" मावशी हसल्या. मग साहेबांचा चेहरा पाहून त्या खाली बसल्या आणि नखांनी सारवण उकरू लागल्या. तडा दिसू लागला.

"राहू द्या. आता काय फुटलं, कधी फुटलं, मी कशावरून ठरवू?" साहेब माझ्याकडे वळले. "हात लावू नका म्हणून यांना सांगितलं होतं ना तुम्ही?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

मावशींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नखांत शेण तसंच होतं. "व्हय, सांगितलं व्हतं त्यांनी," त्या साहेबांना म्हणाल्या. "म्याच इसरले."

तुम्ही म्हणाल, नोकरीची भीती कोणाला नसते? मीही स्वतःला ते पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. नकाराचं पत्र माझ्याच अक्षरात गेलं. माझी नोकरी राहिली. महिना संपला, खोलीला कुलूप लागलं आणि मावशी मार्गासनीला भावाकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "येळंवर जेवत जावा." त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढे एका सकाळी मी कामावर जाताना त्या बंद दारापुढे डोली उतरली. माणसं पासलीची होती. "मावशी कुठं हायती?" बरोबरच्या म्हातारीनं मला विचारलं.

"खोली बंद झाली," मी म्हणालो. तेवढं मात्र खरं सांगितलं.

डोलीत तिची सून कण्हत होती. म्हातारी बाहेरच्या ओट्यापाशी बसली, ओट्यावरून तळहात फिरवला, खडे वेचून बाजूला टाकले आणि मग सुनेला तिथं निजवलं.

मला कामावर जायला उशीर होत होता. मी निघालो.