फुकटचा संचालक

शिलाई मशीनच्या आवाजावरून सुई वाकलीय की शटल घासतंय हे मिस्त्री दारातूनच सांगायचा. माणसाच्या खोकल्यातलं मात्र त्याला पूर्वी ओ की ठो कळत नसे. परदेशात स्वतःची कंपनी काढली आणि ही विद्याही त्याला आपोआप आली. खालच्या मजल्यावर घरमालक म्हातारा खोकला की वरच्या मजल्यावर मिस्त्रीचा घास हातातच थांबायचा. खोकला कोरडा असला तर घास तोंडात जायचा, ओला असला तर परत ताटात.

"माझ्या सर्दीवर इतकं प्रेम कधी केलं नाहीत," बायको म्हणायची.

"प्रेम कसलं डोंबलाचं! भीती वाटते."

ही भीती त्याने स्वतःच्या हाताने आणि फुकटात विकत घेतली होती, म्हणून ती कशी घेतली ते आधी सांगायला हवं.

तयार कपड्यांच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त करायला मिस्त्री या देशात आला होता. पुढे बायको आली, लेक आली. लेक इथल्या शाळेत शिकता शिकता इथलीच झाली. मग एका सोमवारी कारखान्याच्या दाराला टाळं दिसलं. नोकरी गेली याचं दुःख करायलाही वेळ नव्हता, कारण राहण्याचा परवाना त्या नोकरीला बांधलेला होता. नोकरी नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर चंबूगबाळं उचला. लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष. मागे मायदेशी ज्या खोलीत परत जायचं, त्या खोलीत आता धाकटा भाऊ संसार थाटून बसलेला. एकच वाट उरली होती. स्वतःची कंपनी काढायची आणि तिच्या नावावर परवाना मिळवायचा.

कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काचेची इमारत येते. मिस्त्रीची कंपनी म्हाताऱ्याच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. पाटी बायकोने डब्याच्या झाकणावर रंगवली. लेकीने मोबाइलवर बसून वेबसाइट केली आणि त्यात बापाचा असा फोटो टाकला की तो फरारी गुन्हेगार वाटावा. कंपनीला टेबल-खुर्ची असलीच पाहिजे असा नियम होता. टेबल शेडमध्येच सापडलं. खुर्ची जुन्या बाजारातून आणली, चाकं असलेली, एक चाक जरा रुसलेलं.

इथपर्यंत सगळं काटकसरीत बसलं. अडलं ते शेवटच्या नियमापाशी. परक्या माणसाला कंपनीची सगळी मालकी घेता येते, पण कंपनीचा निदान एक संचालक या देशाचा नागरिक असला पाहिजे. कंपन्या काढून देणारा जो सल्लागार होता, तो असे संचालक भाड्याने पुरवायचा. त्याची फी ऐकून मिस्त्रीने चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात एक जुनी ओव्हरलॉक मशीन आली असती, पट्ट्यासकट.

"नवरदेव भाड्याने आणायचा म्हणजे महागच पडणार," बायको म्हणाली. "घरातलाच एखादा उभा करा की."

घरात म्हणजे खाली. म्हातारा पूर्वी छापखाना चालवायचा. आता त्याची बायको गेली होती, छापखाना गेला होता, आणि तो एकटा स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायचा. मिस्त्रीने भीत भीत विचारलं.

"पगार किती?" म्हातारा म्हणाला.

"नाही देता येणार."

"काम काय?"

"काहीच नाही."

"मग हे पद माझ्यासाठीच काढलेलं दिसतंय," म्हातारा म्हणाला आणि त्याने सही ठोकली.

फुकट ते पौष्टिक, म्हणत मिस्त्री आठवडाभर हवेत होता. परवानाही मिळाला. संचालकाला मान हवा म्हणून कंपनीची ती एकुलती एक खुर्ची त्याने कौतुकाने म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. वर्षातून एक बैठक घ्यावी असा कायदा होता, तर म्हातारा कोट घालून त्या खुर्चीत बसला.

"नफा?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

"तोटा?"

"थोडा आहे."

"मग चहा बिनसाखरेचा घेऊ," म्हातारा म्हणाला, आणि बैठक संपली.

त्यानंतर काही दिवसांनी सल्लागाराचा कसल्याशा कामासाठी फोन आला. काम झालं. फोन ठेवता ठेवता तो सहज म्हणाला, "तुमच्या संचालकांची तब्येत ठीक आहे ना? जन्मतारीख पाहिली मी. म्हणजे काय, नागरिक संचालक नसला की कंपनी त्याच दिवशी स्थगित होते. मग बँकेचं खातं बंद आणि परवानाही रद्द. लोक एक राखीव संचालक नेमून ठेवतात. आत्ताच्या संचालकाने एक सही केली की झालं."

मिस्त्रीच्या पायाखालची जमीन सरकली. राखीव संचालक मिळायला अडचण नव्हती. जुन्या कारखान्यातली पर्यवेक्षक बाई एका शब्दावर तयार झाली. कागद आला. राहिली फक्त म्हाताऱ्याची सही. एवढंसं तर काम, पण तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

"सरळ जाऊन सांगा की," बायको म्हणाली.

"काय सांगू? आजोबा, तुम्ही आता काही फार दिवस काढत नाही, तेवढी इथे सही करा?"

"अहो, शुभ बोला!"

"बघ. तुलाच ऐकवेना."

ज्यांच्या घरात बाहेर पडताना 'जातो' म्हणायची चोरी, 'येतो'च म्हणायचं, त्यांनी एका हसत्याखेळत्या म्हाताऱ्यापुढे त्याच्या मरणाचा कागद सरकवायचा कसा? भीड ही भिकेची बहीण, हे मिस्त्रीलाही माहीत होतं. म्हण माहीत असली म्हणून भीड सुटते थोडीच! दोनदा तो कागद घेऊन जिना उतरला आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून वर आला. शेवटी कागद कपाटात गेला आणि मिस्त्रीने त्याहून अवघड काम अंगावर घेतलं. म्हाताऱ्याला मरू द्यायचं नाही.

त्याने जिन्याला कठडा ठोकला. घसरतो म्हणून न्हाणीघरापुढचा गालिचा गुंडाळला. बायको रोज वाटीभर सूप खाली पाठवायची, मीठ बेताचं. म्हातारा सपाता घालून अंगणात निघाला की मिस्त्री बूट घेऊन मागे. कामावर असला तरी दुपारी काहीतरी निमित्त काढून फोन करायचा, आणि पलीकडून "अजून आहे, अजून आहे" असं ऐकू आलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. ती थट्टा होती की म्हाताऱ्याला खरंच काही कळलं होतं, याचा विचार करायचं धाडस त्याला झालं नाही.

म्हाताऱ्याला एक खोड होती. झाडांची पानं गळू लागली की तो शिडी लावून मागच्या ओसरीच्या बसक्या छपराच्या पन्हळीतला पाचोळा हाताने काढायचा. त्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली आणि मिस्त्रीची झोप उडाली. डोळे मिटले की शिडी सटकताना दिसायची. मी काढतो पाचोळा, असं तो म्हणून बघायचा. म्हातारा म्हणायचा, "माझं घर, माझी पन्हळ." मग एके दिवशी मिस्त्रीने शिडी शेडमधल्या जुन्या मशीनींच्या मागे लपवली आणि वर ताडपत्री टाकली.

"शिडी पाहिलीस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही बुवा," मिस्त्री म्हणाला, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी तो एका शिंप्याच्या दुकानात मशीन उघडून बसला असताना बायकोचा फोन आला.

"अहो, आजोबा पडले. खुर्चीवर चढले होते पन्हळीसाठी. त्या आपल्या चाकाच्या खुर्चीवर. मी ओरडले हो, पण..."

मिस्त्रीच्या मनात पहिला विचार परवान्याचा आला. खोटं कशाला सांगा, पहिला तोच आला. म्हातारा जिवंत आहे का, हा दुसरा. आपण त्याची शिडी काढून घेतली आणि आपणच त्याला ती खुर्ची दिली, हा तिसरा. आणि तो आल्यावर त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर गळून पडला.

रुग्णालयाच्या काउंटरवर विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" तो म्हणाला, "ते आमच्या कंपनीचे संचालक आहेत." काउंटरवरच्या माणसाने 'कार्यालय' असं लिहून घेतलं आणि आत सोडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. हृदय अशक्त असल्यामुळे डॉक्टर ठाम काही बोलत नव्हते. सकाळी शस्त्रक्रिया होती.

सल्लागाराला कळवलं तर तो एकच वाक्य बोलला, "सही आजच घ्या." दुकानातून तो आधी घरी धावला होता, आणि तिथून निघतानाच बायकोने तो कागद त्याच्या खिशात कोंबला होता. "मला वाईट म्हणा हवं तर," ती म्हणाली होती, "पण घेऊन जा."

म्हातारा पांढऱ्या चादरीखाली एकदम लहान दिसत होता. मिस्त्री स्टुलावर बसला. खिशातला कागद कुरकुरत होता आणि त्याला वाटत होतं, तो अख्ख्या खोलीला ऐकू जातोय. हवापाण्याचं बोलून झालं. सुपाचं बोलून झालं. मग त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"शिडी मी लपवली होती."

"माहितेय," म्हातारा म्हणाला. "दुसरं कोण लपवणार? फक्त का, ते कळलं नाही."

आता मागे फिरायला जागा नव्हती. मिस्त्रीने सगळं सांगितलं. कायदा सांगितला, परवाना सांगितला, कपाटातला कागद सांगितला. म्हातारा छताकडे बघत ऐकत राहिला.

"म्हणजे तो कठडा?"

मिस्त्रीने मान हलवली.

"आणि बूट? आणि सूप?"

"सूप बायको मनापासून करायची," मिस्त्री म्हणाला. ते खरं होतं, पण स्वतःबद्दल त्याला तसं म्हणवेना. आपण काय करत होतो, हे त्याचं त्यालाही नीट माहीत नव्हतं.

"मला वाटलं होतं," म्हातारा म्हणाला, आणि काय वाटलं होतं ते त्याने सांगितलं नाही. "आण तो कागद. मेलो असतो म्हणजे? आधीच मागायचास की. छापखान्यात मी लोकांच्या मरणाच्या पत्रिका छापल्यात, मला कसली भीती?"

राखीव संचालकाच्या संमतीपुढे त्याने सही केली. खाली राजीनाम्याची ओळ होती. तिथे सही करायची गरज नव्हती. मिस्त्री सांगेपर्यंत त्याने तिथेही केली.

"झालं. आता तुझी कंपनी माझ्यावाचून चालेल. उद्या यायची तसदी घेऊ नकोस."

मिस्त्री कागद घेऊन बाहेर आला. त्याने तो सल्लागाराकडे पोचवला, आणि संध्याकाळपर्यंत सगळं कायदेशीर झालं. बायको देवापुढे हात जोडून रडली. लेक म्हणाली, "बाबा, आता तरी नीट जेवा." परवाना शाबूत होता, कंपनी शाबूत होती. आता भीती जायला हवी होती. ती गेली नाही. उलट आता तिला काही कारण सांगता येईना, तेव्हा ती जास्तच चढली. खालच्या मजल्यावर काही आवाज नव्हता, आणि ती शांतता ऐकत तो ताटापुढे नुसता बसून राहिला.

सकाळी तो रुग्णालयात गेला. काउंटरवर आज एक बाई होती. शस्त्रक्रिया झाली का, कशी झाली, हे त्याने एका दमात विचारलं.

"तुम्ही त्यांचे कोण?"

काल याचं उत्तर तयार होतं. त्याने सवयीने 'आमच्या कंपनीचे' इथपर्यंत म्हटलं आणि थांबला. आता ते कंपनीचे कुणी नव्हते. त्याने स्वतःच ते कागदावर करून आणलं होतं.

"भाडेकरू," तो म्हणाला.

"माफ करा, फक्त नातेवाइकांनाच सांगता येतं."

"एवढंच सांगा, जिवंत आहेत ना?"

"तेही नाही सांगता येत."

मिस्त्रीने काउंटरची कड घट्ट धरली. वर्षभर तो ज्या बातमीला घाबरला होता, ती बातमी या बाईच्या समोरच्या पडद्यावर होती. कालचा कागद कोरा राहिला असता, तर 'कार्यालय' म्हणून तरी त्याला आत सोडलं असतं.

"मुलगा आहे मी त्यांचा," तो म्हणाला.

बाईने त्याच्या काळ्या केसांकडे, तोंडावळ्याकडे, बाह्यांवरच्या मशीनच्या तेलाच्या डागांकडे पाहिलं. मग ती उठली आणि आतल्या दाराआड गेली. आता रखवालदाराला बोलावते की पोलिसांना, की एखाद्या डॉक्टरला मान खाली घालून बाहेर पाठवते, हे मिस्त्रीला कळेना. आयुष्यात इतका तो कधीच भ्याला नव्हता, कारखान्याचं टाळं बघूनसुद्धा नाही.

ती परत आली आणि खुर्चीत बसून तिने चष्मा नीट केला.

"मला मुलगा नाही, असं म्हणतायत ते," ती म्हणाली. "पण सोडा म्हणाले आत."