रिकामे डबे आणायला मुरबाड-शहापूर

खरं सांगायचं तर मी फिरायला गेलेच नव्हते, पाळत ठेवायला गेले होते. कल्याणची माझी मैत्रीण स्मिता घाण्याचं तेल स्टीलच्या डब्यांतून घरोघरी पोचवते. भरलेला डबा द्यायचा, मागचा रिकामा परत आणायचा. शहरातले डबे वेळेवर येतात, मुरबाड-शहापूरच्या गावांतले महिनोन्महिने येत नाहीत. टेम्पो चालवणारा काशिनाथ तिकडचाच. "विकतोय की काय, बघून ये. ब्लॉगसाठी आलीस असं सांग," स्मिता म्हणाली. मी एका पायावर तयार झाले.

नोव्हेंबरातली सकाळ, स्वेटर हवाच. काशिनाथदादा पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. कमी बोलणाऱ्या माणसावर माझा मुळातच विश्वास बसत नाही.

मुरबाडला पहिलं घर. बाईंनी भरलेला डबा घेतला आणि रिकाम्याचं विचारल्यावर दादांकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला देते ना." दादा नुसतं "बरं" म्हणाले. साधी कटकटही नाही. मी मनात नोंद केली.

सरळगावला माळशेजचा रस्ता सोडून किन्हवलीकडे वळलो. कुणाला गाडी घेऊन जायचं असेल तर हा रस्ता नक्की धरा. मधेमधे खड्डे आहेत, पण दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं, पेंढ्याच्या उडव्या आणि वर निळं आभाळ. मला मात्र ते धड बघता आलं नाही, कारण किन्हवलीच्या अलीकडे दादा म्हणाले, "ताई, तुमी गाडीतच बसा," आणि एका घरामागे गेले. परतले तेव्हा हातात डबा होता. रिकामा डबा कोणी दोन्ही हातांनी छातीशी धरून आणत नाही. तो त्यांनी सीटखाली सरकवला, वर गोणपाट टाकलं.

भातसानगरच्या वसाहतीत मात्र सगळं सरळ. धरणावर नोकरीला आलेली बाहेरगावची माणसं. घासलेले रिकामे डबे दाराशी ठेवलेले, दहा मिनिटांत काम झालं. म्हणजे जिथे दादांची ओळख नाही तिथे डबे येतात, आणि ओळख आहे तिथे गडप होतात. माझ्या दृष्टीने चोर सापडला होता.

शहापूरला स्टँडजवळ उसळ-पाव खाल्ला. झणझणीत, स्वस्त, सोबत ताक घ्याच. दादा हात धुवायला गेले तेवढ्यात मी स्मिताला कळवलं, "गडबड आहे. डब्यातून माल येतो, लपवतो." लगेच उत्तर आलं, "वाटलंच होतं. उद्यापासून दुसरा माणूस बघते." ताक उगाच आंबट लागलं.

शेवटचा थांबा खर्डीजवळचा पाडा. इथेही "गाडीतच बसा" झालं, पण या वेळी मी मागोमाग गेले. अंगणात एक म्हातारी मावशी सूप घेऊन बसलेली. तिच्यामागे ओट्यावर आमचे तीन डबे, लखलखीत घासून उन्हात पालथे घातलेले.

"हे का देत नाही मावशी?" मी विचारलं.

"रिकामा कसा देऊ गो? दुसऱ्याचं भांडं रिकामं नाय देत आमी. भात झोडून झालंय, गिरणीत गेलं की तांदूळ भरून देते." मग मला निरखून म्हणाली, "तूच काय ती तेलवाली बाई? गेल्या वर्षी धाडले ते तांदूळ आवडले काय?"

मी दादांकडे पाहिलं. दादा टेम्पोच्या टायरकडे बघत होते.

"आवडले," मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर दादा आपणहून बोलले. "गिऱ्हाइकाकडून काय घ्यायचं नाय असा बाईंचा नियम. घेतलं तर नोकरी जाते, नाय घेतलं तर डबा येत नाय. मग घ्यायचो न् घरी न्यायचो. खाल्ले आमी, खोटं कशाला बोलू. पण डबा एक नाय विकला." गाडी सुरू करत म्हणाले, "तुमी बघायला आलात ते मला मुरबाडलाच कळलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच स्मिताला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "म्हणजे वर्षभर माझे तांदूळ तो खातोय?"

"नियम तुझाच आहे," मी म्हटलं. नियम त्याच दिवशी गेला. काशिनाथदादा राहिले.

संध्याकाळी कल्याणला दादांनी सीटखालचा किन्हवलीचा डबा काढून स्मिताच्या हातात दिला. नव्या तांदळाचा वास घरभर सुटला. स्मिताने अर्धे तांदूळ ओतून घेतले आणि उरलेले डब्यासकट मला दिले. भात इतका गोड की नुसता तूप-मीठ घालून खावा.

याला आता तीन आठवडे झाले. तांदूळ संपले. डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय. न आलेल्या डब्यांच्या यादीत आता माझंही नाव आहे, आणि काशिनाथदादांनी काल दारात विचारलं, "ताई, डबा?"

"पुढच्या खेपेला देते ना," मी म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि निघाले. त्यात त्यांच्यासाठी काय भरावं ते मला अजून सुचलेलं नाही.